ट्रेकिंग बुटांचा सोल बदलून घेतला: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

वरचं चामडं धडधाकट आणि तळ मात्र भुगा होऊन गळतोय, ही तक्रार सह्याद्रीत फिरणाऱ्या बऱ्याच जणांची असते. माझ्या उंच घोट्याच्या बुटांचंही तेच झालं. जूनच्या सुरुवातीला सोल बदलून घेतला, आता फेब्रुवारी संपत आला. या काळात राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड आणि एरवीची टेकडी एवढा वापर झाला. वरचा भाग चांगला असेल तर नवे बूट घेऊ नका, सोल बदला, असं माझं ठाम मत आहे. फक्त तो कसा बदलला जातो, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी नेमकं काय मरतं ते बघा. बाहेरचं नक्षीचं रबर बहुतेक वेळा ठणठणीत असतं. जातो तो बूट आणि रबर यांच्या मधला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, मऊ थर. हवेतल्या दमटपणाने त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात आणि उष्णता असेल तर हे आणखी वेगाने घडतं. म्हणून वर्षानुवर्षं खोक्यात जपून ठेवलेले, जवळपास नवे बूटसुद्धा एखाद्या चढावर अचानक तळ सोडतात. सुटलेला सोल तसाच चिकटवून देणारे पुष्कळ भेटतात. पण सोल्युशन धरणार कशाला? त्या भुग्यालाच.

माझं काम पुण्यातल्या एका गटई स्टॉलवर, म्हणजे चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे झालं. काकांनी अंगठ्याने तळ दाबून बघितला आणि म्हणाले, "फोमच मेलाय. सगळा काढावा लागेल. आणि शिलाई मारल्याशिवाय मी देणार नाही." रापीने जुना थर पार मुळापर्यंत खरवडला, कानशीने पृष्ठभाग खरखरीत केला. त्यावर ईव्हीएची, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या फोमची, शीट आणि तिच्याखाली खोल नक्षीचं रबर. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबले, मगच जोडून ठोकलं. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि कडा सुटतात. शेवटी आरीने कडेभोवती मेणाच्या दोऱ्याची शिलाई. आठशे रुपये झाले, आणि त्या कारागिरीला ते कमीच आहेत.

शिलाई अजून एका ठिकाणीही उसवलेली नाही. उजव्या बुटाची पुढची कड दिवाळीच्या सुमारास जराशी उघडली होती, ती काकांनी तिथल्या तिथे पुन्हा चिकटवली. ईव्हीए ओलाव्याने पीयूसारखं भुगा होत नाही, पण वजनाने दबतं. टाचेखाली ते थोडं बसलंय, लांबच्या उतरणीला जाणवतं.

पकडीबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. कोरड्या कातळावर काहीच तक्रार नाही. शेवाळलेल्या ओल्या दगडावर हे रबर जुन्याइतकं धरत नाही, कारण ते कडक आहे. मऊ रबर जास्त धरतं आणि लवकर झिजतं. रबरी नक्षीचा सोल जन्मला तोच पकडीसाठी. 1935 मध्ये आल्प्समध्ये विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती मृत्युमुखी पडले, त्यांचे बूट त्या हवामानाला पुरे पडले नव्हते. त्यानंतर 1937 मध्ये त्याने व्हल्कनाइज्ड रबराचा सोल आणला, तोच आजचा व्हायब्रम या नावाने विकला जाणारा सोल. तेव्हा दुकानात रबर निवडताना फक्त जाडी बघू नका, नखाने दाबून बघा.

दुसरी उणीव पाण्याची. शिलाईच्या भोकांतून ओढ्याचं पाणी आत येतं, त्यामुळे बूट मूळचे वॉटरप्रूफ असतील तर ती सोय गेली असं धरून चाला. ओले बूट चुलीशी किंवा कडक उन्हात वाळवू नका, सोल्युशन सैल होतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि वाऱ्यावर ठेवायचे.

एवढं असूनही मी हेच बूट घालतो, कारण चामडं माझ्या पावलाला बसलेलं आहे. तोरण्याच्या उतरणीला फोड नाही, अंगठा पुढे आदळत नाही. नव्या बुटात हे सुख मिळायला महिने जातात. घोट्याचं अस्तर फाटून आतला पुठ्ठा टोचत असेल किंवा वाकतो तिथे चामडं चिरलं असेल, तर मात्र सोलवर पैसे घालू नका. माझ्या सोलची नक्षी अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. पुढच्या पावसाळ्याआधी टाचेखालची शीट तेवढी बदलून घेणार आहे, काका म्हणाले त्यासाठी रबर नवं लागणार नाही.