स्पॉन्सरशिपची पीडीएफ, चुकून आलेले वीस हजार आणि निळा पाना

गेम स्ट्रीम करणाऱ्या पोरांना गंडवायला ओटीपी मागावा लागत नाही. या धंद्यात रोजचं कामच असं, की अनोळखी माणसाचा मेल उघडायचा, त्याची फाईल बघायची, त्याचे पैसे घ्यायचे आणि वर लाईव्हमध्ये नाव घेऊन ‘थँक्यू भावा’ म्हणायचं. चोर याच रांगेत येऊन उभा राहतो. पुण्यातल्या आमच्या स्ट्रीमर-मंडळींच्या गटातलं एक चॅनल आणि एकाच्या वडिलांचं बँक खातं, दोन्ही याच रांगेतून गेली. कोणाचं आणि कधी, ते सोडून देऊ. कसं गेलं, ते लिहितोय.

आधी फाईल. पहिला मेल अगदी साधा असतो. गेमिंग माऊस, व्हीपीएन, व्हिडिओ एडिटर किंवा नवीन मोबाईल गेमची कंपनी. इंग्रजी नीट, सहीखाली लोगो, पत्त्यात मात्र खऱ्या कंपनीच्या नावाला एखादा जास्तीचा डॅश चिकटलेला. त्यात फाईल नसते, लिंकही नसते. ‘साठ सेकंदांच्या प्रमोशनचे किती घ्याल?’ एवढाच प्रश्न. तुम्ही घाबरत घाबरत आठ हजार सांगता. उत्तर येतं, आमचं बजेट पंधराचं आहे. (पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, माईकच्या वायरीवरून दोनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा पोरगा इथे मात्र एक शब्द विचारत नाही. सांगितलेल्या भावापेक्षा जास्त देणारं गिऱ्हाईक आजवर कोणत्या दुकानात आलंय?)

तिसऱ्या-चौथ्या मेलमध्ये करार येतो. ड्राईव्हची लिंक, आत झिप, झिपला पासवर्ड आणि तो पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. पासवर्ड गुप्ततेसाठी नसतो. कुलूप लावलेली झिप मेलच्या आणि ड्राईव्हच्या तपासणीला उघडून बघता येत नाही, म्हणून तो असतो. झिप उघडली की दोन खरे फोटो, एक खरा व्हिडिओ आणि ‘काँट्रॅक्ट डॉट पीडीएफ’. आयकॉनही पीडीएफचंच. पण विंडोज मूळ सेटिंगमध्ये फाईलच्या नावाची शेपटी लपवतं. पूर्ण नाव असतं ‘काँट्रॅक्ट डॉट पीडीएफ डॉट एससीआर’. एससीआर म्हणजे स्क्रीनसेव्हर, आणि स्क्रीनसेव्हर हा ईएक्सईसारखाच चालणारा प्रोग्रॅम असतो.

आता या फाईलचा आकार बघा. झिप असते आठ-दहा एमबीची, उघडल्यावर आतली ‘पीडीएफ’ सातशे एमबीच्या वर जाते. चार पानी करार सातशे एमबीचा कसा? फाईलच्या शेवटी नुसती शून्यं भरलेली असतात. झिपमध्ये ती दाबून नाहीशी होतात, उघडली की फुगतात. फुगवायचं कारण असं, की बरेच अँटिव्हायरस फार मोठी फाईल वेळ वाचवायला सोडून देतात आणि व्हायरसटोटल या फाईल तपासायच्या साईटवर ६५० एमबीपेक्षा मोठी फाईल चढवताच येत नाही. म्हणजे ‘मी स्कॅन केलं होतं, काही निघालं नाही’ हे वाक्य खरं असूनही उपयोगाचं नसतं.

डबल क्लिक केल्यावर काही उघडत नाही, फार तर एक एरर येतो. पोरगा उलट मेल टाकतो, ‘फाईल करप्ट आहे, परत पाठवा.’ तोवर काम झालेलं असतं. ब्राउझरमधल्या कुकीज (तुम्ही लॉगिन केलंय हे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी), सेव्ह केलेले पासवर्ड, डिस्कॉर्ड या गेमरांच्या चॅट ॲपचं लॉगिन टोकन, सगळं गोळा होऊन पलीकडे गेलेलं असतं.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असताना चॅनल गेलं कसं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. वॉटरपार्कला तिकीट एकदाच दाखवायचं असतं, नंतर दारावरचा माणूस फक्त हातावरची पट्टी बघतो. पासवर्ड आणि ओटीपी हे तिकीट, कुकी ही पट्टी. चोराने पट्टीच कापून स्वतःच्या हाताला बांधली, मग त्याला तिकीट कोण विचारणार? जुलै २०२४ मध्ये क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीत कुकीजना जास्तीचं कुलूप आलं, चोरांनी काही महिन्यांत त्यालाही किल्ली काढली. आणि हे फक्त आपल्यासारख्या चार हजार सबस्क्रायबरवाल्यांचं होतं असं नाही. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हे दीड कोटी सबस्क्रायबरचं चॅनल असंच गेलं, तेही आयुष्यभर कॉम्प्युटरबद्दल बोलणाऱ्यांचं. तिथेही सुरुवात स्पॉन्सरशिपच्या फाईलनेच झाली होती.

पुढचं ठरलेलं. आपली मंडळी रात्री एक-दोनपर्यंत लाईव्ह असतात, त्यामुळे हल्ला पहाटे. नाव आणि लोगो बदलतो, जुने व्हिडिओ प्रायव्हेट होतात आणि कुठल्यातरी अब्जाधीशाच्या जुन्या मुलाखतीवर क्यूआर चिकटवून ‘क्रिप्टो पाठवा, दुप्पट मिळवा’ लाईव्ह सुरू होतं. नंतर नियमभंग म्हणून यूट्यूबच चॅनल बंद करतं. सकाळी उठल्यावर चॅनल चोराकडेही नसतं आणि तुमच्याकडेही नसतं.

बंदोबस्त सांगतो. फाईल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. करार मागायचा तो गुगल डॉकमध्ये, नाहीतर फोनवर उघडायचा. विंडोजची एससीआर फोनवर चालतच नाही. समोरचा ‘पीसीवरच उघडा’ असा आग्रह धरू लागला, की ओळखा. क्रोममध्ये वेगळं प्रोफाईल केलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. एकाच विंडोज यूजरखालची सगळी प्रोफाईल्स हा प्रोग्रॅम वाचतो. खरा उपाय म्हणजे चॅनलच्या मालकीचं गुगल खातं स्ट्रीमिंगच्या पीसीवर लॉगिनच करायचं नाही. ते फोनवर ठेवा. पीसीसाठी दुसरं खातं काढून त्याला यूट्यूब स्टुडिओच्या (चॅनल सांभाळायच्या पानाच्या) परमिशन्समधून एडिटर करा. एडिटरला माणसं घालता-काढता येत नाहीत आणि प्रसिद्ध झालेले व्हिडिओ उडवता येत नाहीत. नुकसान होईल, पण घरदार जाणार नाही.

कर्वेनगर, नऱ्हे, आंबेगावच्या फ्लॅटमध्ये तिघांत एक पीसी असतो, तिथे हे दुप्पट लागू. एक जण स्ट्रीम लावतो, दुसरा त्याच पीसीवर क्रॅक गेम उतरवतो, तिसरा मॉड मेनू, म्हणजे गेममध्ये चीटिंग करायचं सॉफ्टवेअर, शोधतो. तिथे चोराला मेल लिहायचीही तसदी नाही. ओबीएस हे स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअरसुद्धा सर्चमधल्या पहिल्या जाहिरातीवरून उतरवू नका. हुबेहूब खोट्या साईटच्या अशा जाहिराती लागलेल्या आहेत. पत्ता हाताने टाइप करा: ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम. आणि ‘मॉनेटायझेशनचे नियम बदलले, हा प्रायव्हेट व्हिडिओ बघा’ असा मेल खुद्द यूट्यूबच्या पत्त्यावरून आला तरी खोटा समजा. प्रायव्हेट व्हिडिओ शेअर केला की सूचना यूट्यूबकडूनच जाते, चोर त्याचाच फायदा घेतात. मार्च २०२५ मध्ये यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांचा एआयने बनवलेला व्हिडिओ असाच फिरला होता, तेव्हा कंपनीनेच सांगितलं की आम्ही प्रायव्हेट व्हिडिओतून कोणाशी संपर्क करत नाही.

आता पैसे. यात जाणाऱ्या पैशापेक्षा येणारा पैसा जास्त धोक्याचा, आणि हे घरच्यांना समजावणं सगळ्यात अवघड.

स्क्रीनच्या कोपऱ्यात यूपीआयचा क्यूआर असतो. बहुतेक वेळा खातं वडिलांचं किंवा आईचं, कारण पोरगा अजून अकरावीत. एरवी दहा, वीस, एकोणपन्नास रुपये येतात. एका रात्री वीस हजार येतात. पाच मिनिटांत इन्स्टावर मेसेज: ‘दादा, दोन हजार टाकायचे होते, एक शून्य जास्त पडलं. आईच्या ऑपरेशनचे पैसे आहेत. अठरा हजार या आयडीवर परत करा ना.’ पोरगा चांगल्या घरचा. तो लगेच परत करतो, वर दोन हजारही परत करतो.

ते वीस हजार पाठवणाऱ्याचे नव्हतेच. दुसऱ्याच कोणाला, बहुधा दुसऱ्याच राज्यात, फसवून काढलेले होते. तो फसलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करतो आणि पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती साखळी पोलिसांपुढे येते. साखळीत दुसरं खातं तुमचं. बँक तेवढ्या रकमेवर लिअन लावते, म्हणजे ती अडवून ठेवते, किंवा अख्खं खातं डेबिटसाठी गोठवते. पुढच्या पाच तारखेला वडिलांचा पगार जमा होतो आणि काढता येत नाही. घराचा हप्ता उडतो. बँकेत गेलं की ‘आमच्या हातात नाही’ म्हणतात, आणि ते खरंही असतं, कारण आदेश परराज्यातल्या सायबर ठाण्याचा असतो.

म्हणून चुकून आलेले पैसे हाताने परत करायचे नाहीत. ज्या आयडीवरून आले तो आणि ज्यावर परत मागतायत तो वेगळा असेल, तर शंकेला जागाच उरत नाही. ‘तुमच्या बँकेत तक्रार टाका, माझी बँक परत करेल’ एवढं लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. पैसे खर्च करायचे नाहीत. चॅट डिलीट करायचं नाही, नंतर तेच कामी येतं. खातं गोठलंच असेल तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि ठाण्याचं नाव लेखी मागा आणि त्या तपास अधिकाऱ्याला चॅट, स्टेटमेंट, चॅनलची लिंक पाठवा. डोनेशनसाठी वेगळं बचत खातं ठेवा, त्यातली शिल्लक दर आठवड्याला काढून घ्या. यूपीआय आयडीत मोबाईल नंबर नको, लाईव्हवर तो सगळ्या गावाला दिसतो.

उलटा प्रकारही चालतो. ‘पाचशे टाकले, स्क्रीनशॉट बघ, माझं नाव घे, कस्टम रूमचा (खाजगी मॅचचा) आयडी-पासवर्ड दे.’ पेमेंटचे खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप्स मिळतात. बँकेच्या नोंदीत दिसेपर्यंत काही आलेलं नाही असं धरा.

स्पॉन्सरशिपमध्येच एक पोटप्रकार आहे. कलर प्रेडिक्शन, रमी, ‘पाचशे लावा पाच हजार काढा’ वगैरे. इथे पैसे खरोखर मिळतात, म्हणून पोरं घेतात. पण ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या गेमच्या जाहिरातीलाही दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ॲपवाला परदेशात बसलेला असतो. तुमचा चेहरा आणि पुण्याचा पत्ता मात्र व्हिडिओत असतो.

आता तुमच्या नावाने तुमच्या प्रेक्षकांना कसं लुटतात ते. गिव्हअवे, म्हणजे प्रेक्षकांसाठी फुकट बक्षीस, जाहीर झाला की दहा मिनिटांत तोच लोगो लावलेलं खातं चॅटमध्ये येतं आणि ‘तू जिंकलास, टेलिग्रामवर ये’ सांगतं. तिथे बक्षिसाच्या फोनसाठी आधी १८ टक्के जीएसटी मागतात. बक्षिसावरचा कर, म्हणजे टीडीएस, बक्षीस देणारा सरकारकडे भरतो. तो कोणाच्या यूपीआयवर आगाऊ टाकायचा नसतो, आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. प्रेक्षकांना एकच गोष्ट शिकवा: यूट्यूबच्या लाईव्ह चॅटमध्ये चॅनलमालकाचं नाव पिवळ्या पट्टीत येतं, मॉडचं (चॅट सांभाळणाऱ्या मॉडरेटरचं) निळं आणि शेजारी पाना. लोगो कोणीही लावेल, पाना लावता येत नाही. स्टुडिओत ब्लॉक्ड वर्ड्समध्ये ‘टेलिग्राम’, ‘व्हॉट्सॲप’ त्यांच्या चुकीच्या स्पेलिंगांसह टाका आणि चॅटमधल्या लिंक अडवा.

डिस्कॉर्डवर मात्र खऱ्या मॉडचंच खातं जातं. ‘फ्री नायट्रो (डिस्कॉर्डची पैसे भरून मिळणारी सोय), हा क्यूआर स्कॅन कर.’ तो क्यूआर लॉगिनचा असतो. मॉडने आपल्या ॲपमधून स्कॅन करून होकार दिला की चोर त्याच्या खात्यात शिरतो, पासवर्डशिवाय. म्हणून मॉडला ॲडमिनिस्ट्रेटर देऊ नका, मेसेज उडवणं आणि टाइमआउट पुरे.

स्क्रिमबद्दल, म्हणजे एंट्री फी घेऊन भरवलेल्या सरावाच्या मॅचबद्दल, थोडक्यात. बीजीएमआय या मोबाईल गेमच्या रूममध्ये १०० खेळाडू, म्हणजे २५ स्क्वॉड. पहिल्या तीन स्लॉटमध्ये आयोजकाची माणसं, उरले बावीस. पन्नास रुपये एंट्री, अकराशे जमले, सातशेचं बक्षीस. हे चार-पाच दिवस चोख वाटलं जातं, पुरावे ग्रुपवर पडतात. मग रविवारी ‘मेगा’: एंट्री तीनशे, चार लॉब्या, म्हणजे चार रूम. २६,४०० रुपये. नऊची मॅच, पावणेनऊला रूमचा आयडी-पासवर्ड यायचा, आणि पावणेनऊला ग्रुपच नाही. स्वस्त यूसीचं (बीजीएमआयमधल्या पैशांचं) तर सांगायलाच नको. चोरीच्या कार्डावर घेतलेली असते, कार्डवाल्याने रिफंड घेतला की तुमची यूसी उणे होते. विकत घेतलेला गेमचा आयडीही पहिला मालक जोडलेल्या खात्यावरून परत काढतो, आणि आयडीची खरेदी-विक्री मुळात नियमाबाहेर, त्यामुळे दाद मागायला तोंड नाही.

चॅनल गेलंच तर क्रम महत्त्वाचा. पहिलं काम पीसीचं नेट काढणं, पासवर्ड बदलणं नव्हे. त्याच पीसीवर बदललेला पासवर्ड पुन्हा चोराकडे जातो. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून गुगल खात्यात सगळी डिव्हाइसेस साइन आउट करा, मग पासवर्ड बदला, मग रिकव्हरी नंबर, रिकव्हरी मेल आणि स्टुडिओच्या परमिशन्स तपासा. चोराने रिकव्हरी नंबर बदलला असला तरी गुगल सात दिवस जुना नंबर चालू देतं. ते सात दिवस ‘परीक्षा संपू दे, मग बघू’ म्हणत घालवू नका. पीसीवर विंडोज नव्याने टाका, नुसता अँटिव्हायरस फिरवून भागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. तास जितके कमी, तितकी रक्कम वाटेत अडण्याची शक्यता जास्त. नसतील गेले तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाकून क्रमांक घ्या. शहरातल्यांसाठी शिवाजीनगरचं सायबर ठाणं, वाकड-हिंजवडीकडच्यांना पिंपरी-चिंचवड आयुक्तालय. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, हद्द कुठलीही असली तरी तो नोंदवता येतो.

एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) टीमयूट्यूबला, म्हणजे यूट्यूबच्या मदत खात्याला, लिहिलंत की दोन मिनिटांत पाच-सहा जण ‘माझं चॅनल अमुक भाऊने मिळवून दिलं’ म्हणत येतील. ती त्याच धंद्याची दुसरी शाखा.

ठाण्यात पहिला प्रश्न चॅनलचं नाव काय, हा असतो, आणि नाव तर चोराने बदललेलं असतं. म्हणून आजच यूट्यूबच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधून ‘यूसी’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा २४ अक्षरी चॅनल आयडी वहीत लिहून ठेवा. फोनमध्ये नको, वहीत.