बॉबकॅटचे 'नवे' टायर : माझे ६३,८५० रुपये गेले, तुमचे वाचवा

चाकण-तळेगाव पट्ट्यात स्किड स्टीअर लोडर (पुढे बकेट असलेलं छोटं चारचाकी मशीन) चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचा. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, आपण त्याला बॉबकॅटच म्हणतो. माझ्याकडे एकच आहे, मीच चालवतो, त्यावरच घर चालतं. त्याला १०-१६.५ साइजचे, १० प्लायचे चार टायर 'एक्सपोर्टचा उरलेला माल' म्हणून मला विकले. निघाले जुन्या टायरवर रबर चढवून काळा रंग मारलेले रिमोल्ड.

आधी हिशेब सांगतो. एका टायरचे ११,१०० प्रमाणे चारचे ४४,४००. त्यातले २०,००० ॲडव्हान्स आणि उरलेले २४,४०० टेम्पो दारात उभा असताना, दोन्ही वेळा यूपीआयने. टेम्पोचं भाडं १,८५०. पुढे चेनचं काम निघालं, त्याचे १७,६००. एकूण ६३,८५०. मशीन उभं राहिल्याने बुडालेलं भाडं यात धरलेलं नाही.

"स्वस्ताच्या नादाला लागलास" असं मला अनेकांनी ऐकवलं. डीलरचा भाव १३,२०० होता. उरलेल्या मालात टायरमागे दोन हजारांचा फरक पडतोच. विकणारा अर्ध्या भावात देतो म्हणाला असता तर मी तिथेच फोन ठेवला असता, आणि हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. गोडाऊनचा व्हिडिओ आला, नक्षीचे जवळून काढलेले फोटो आले, जीएसटी नंबर छापलेलं बिल आलं. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तेव्हा नोंदणी रद्द झालेली दिसली, पण तोवर पैसे गेले होते. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे पाठवायच्या आधी करा.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. टायर उतरवताना पंक्चरवाल्याने साइडवॉलवरून (टायरच्या बाजूच्या भिंतीवरून) अंगठा फिरवला आणि म्हणाला, "भाऊ, इथं घासलंय." बनावटीच्या तारखेचे चार अंक जिथे असतात, तिथे काडेपेटीएवढी जागा गुळगुळीत होती. (३२२४ असेल तर २०२४ सालचा ३२वा आठवडा, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे.) मी लगेच विकणाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, पूर्ण नंबर एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू बघा." हे खरंच आहे, पुष्कळ टायरवर तारीख एकाच बाजूला असते. खऱ्याला खोटं जोडलं की माणूस गप्प बसतो. दुसऱ्या बाजूला कंपनीचं मोठं स्टिकर होतं. पाऊस सुरू झालेला, टेम्पोवाला घाई करतोय, साइटवरून सुपरवायझरचे फोनवर फोन. ते स्टिकर नखाने उचकटलं असतं तर खाली तशीच घासलेली जागा दिसली असती. दहा सेकंदांचं काम होतं.

ट्रॉलीला किंवा ट्रकच्या मागच्या चाकाला चांगलं रिमोल्ड बरेच दिवस चालतं. आपल्या मशीनला चालत नाही, कारण बॉबकॅटची चाकं वळतच नाहीत. एका बाजूची चाकं जोरात, दुसऱ्या बाजूची हळू किंवा उलटी फिरतात आणि मशीन जागच्या जागी घासत वळतं. नक्षीच्या प्रत्येक दात्याला आडवा ओढा बसतो. वरचं रबर नुसतं चिकटवलेलं असेल तर तो ओढा थेट जोडावर येतो. फाउंड्रीच्या शेडमध्ये, काँक्रीटवर वळताना उजव्या पुढच्या टायरचा हातभर पट्टा दात्यांसकट सोलून निघाला. खाली कानशीने खरवडलेलं जुनं रबर, आणि त्यात कुणाच्या तरी जुन्या पंक्चरचा प्लग तसाच बसलेला. ते बघून जो संताप झाला तो सांगता येत नाही.

चेनचं नुकसान त्याहून वाईट. एका बाजूची पुढची-मागची चाकं चेनने एकाच मोटरला जोडलेली असतात, म्हणून दोन्हींचा घेर सारखाच लागतो. मेकॅनिकने टेप लावून मोजलं तर एकाच बाजूच्या दोन टायरमध्ये जवळजवळ दोन इंचांचा फरक. दोन वेगळ्या टायरवर सारखी दिसणारी नक्षी चढवली होती. सारखं फिरणं भाग असलेली ती चाकं सतत एकमेकांना ओढत राहिली आणि चेनबॉक्सची वाट लागली. चारही टायर बसवायच्या आधी हवा भरून टेप लावा, लाज वाटून घेऊ नका.

आणि "नक्षी जेवढी खोल तेवढं आयुष्य जास्त" हे विकणाऱ्यांचं तोंडपाठ वाक्य आहे. लांब-लांब बसवलेले उंच दाते काळ्या मातीत, चिखलात उपयोगी, कारण मधला चिखल झटकून पडतो. काँक्रीटवर तेच दाते वाकतात, तापतात आणि भराभर झिजतात. तिथे जमिनीला जास्त रबर टेकणारी, कमी खाचांची नक्षी लागते. माझं निम्मं काम शेडमधलं आहे हे सांगूनही त्याने मला चिखलाचीच नक्षी दिली.

आता तक्रारीची गोष्ट. पोलीस चौकीत पहिला प्रश्न : "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी आहे, कोर्टात जा." जुना टायर नवा म्हणून विकणं, तारीख घासून काढणं यात फसवणूक नाही तर कशात आहे? पुढे म्हणे गोडाऊन दुसऱ्या हद्दीत आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर पैसे तुमच्या हद्दीतून गेले, परत जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मला एका वकिलाने सांगितलं. ठाण्यातल्या माणसाला ते माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर "वस्तू मिळाली आहे, हे आमच्यात बसत नाही." बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. टायर कंपनी म्हणाली, सीरियल नंबर नाही तर आम्ही काय करणार. नंबर ज्याने घासला तो मोकळा आणि घासलेला टायर घेऊन मी दारोदार! प्रत्येक टेबलावर तेच कागद, तेच फोटो, तीच गोष्ट नव्याने सांगायची, आणि समोरचा मोबाइलवर बोट फिरवतोय. दिवसभराचं भाडं बुडवून यांच्या बाकड्यांवर बसायचं, का?

नवा टायर असेल तर खाचांच्या तळाशी साच्याची सफाई दिसते, पृष्ठभागावर रबराचे बारीक केस असतात. रंगाचा वास आला तर ओल्या फडक्याने पुसून बघा. दाते आणि साइडवॉल यांच्या मध्ये जोडाची रेघ शोधा. स्टिकर काढल्याशिवाय उरलेला पैसा पाठवू नका, टेम्पोवाला ओरडला तर ओरडू दे. चाकांऐवजी रबराच्या पट्ट्यावर चालणारं, म्हणजे रबर ट्रॅकचं मशीन असेल तर पट्ट्याच्या आतली स्टीलची दोरी अखंड आहे की जोडलेली, हे लेखी मागा. सोललेला पट्टा, टायर, पंक्चरवाल्याचं आणि मेकॅनिकचं बिल, काहीही भंगारात टाकू नका.

'व्यावसायिक खरेदी' म्हणून ग्राहक आयोग दारात उभं करणार नाही असंही मला सांगण्यात आलं. तेही अर्धवट आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाचीच मानली जाते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. मी तक्रार दाखल केली आहे. त्याच माणसाकडून असे टायर कुणी घेतले असतील तर बिलं आणि फोटो घेऊन मला भेटा.