जुन्या फौजी ट्रकला मागे कोणता हुक: पिंटल, बॉल की ट्रॅक्टरचा?

जबलपूरला बनलेला निसान वन टन किंवा शक्तिमान लिलावातून घेतला, इंजिन सुरू झालं, की खान्देशात पुढचा विचार ठरलेला: मागे ट्रॉली जोडू. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत पाण्याची टाकी न्यायची असते, कुणाला तोरणमाळला सामान घेऊन मुक्कामी जायचं असतं. मग फॅब्रिकेशनवाल्याकडे गाडी उभी राहते आणि तो विचारतो, हुक कोणता लावू?

माझं मत आधीच सांगतो. गाडीचा मूळ हुक जागेवर आणि धड असेल, तर गाडीला हात लावू नका. ट्रॉलीचं तोंड बदला. ट्रॉलीची दांडी पुन्हा बनवता येते, पण चेसिसला पाडलेलं भोक बुजत नाही.

मूळ हुक म्हणजे पिंटल. खाली जाड वाकडा हुक, वरून मिटणारा जबडा, त्याला खटका आणि खटका उघडू नये म्हणून पिन. ट्रेलरच्या दांडीला गोल कडी असते. नाटो मापाच्या कडीचं आतलं भोक ७६ मिलिमीटरचं. कडी हुकात मोकळी बसते, म्हणून नाल्यात उतरताना, बांध चढताना गाडी एका अंगाला आणि ट्रॉली दुसऱ्या अंगाला कलली तरी काही अडत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या गाडीवाटेसाठी याहून चांगलं काही मी पाहिलेलं नाही. खोट एकच: त्या मोकळेपणामुळे ब्रेक लावताना आणि सोडताना झटका बसतो, खडखडाट होतो. हुकामागे स्प्रिंग किंवा रबर असेल तर ते नवं टाका, निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

जुना पिंटल नुसता रंगवून वापरू नका. डिझेलने धुवा, तारेच्या ब्रशने घासा आणि उजेडात बघा. हुकाच्या आतल्या वळणात धातू झिजून खळगा पडलाय का, जबडा पूर्ण मिटतो का, मागच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे हुक बसतो त्या चेसिसच्या आडव्या पट्टीला, रिव्हेटजवळ बारीक चीर आहे का. चीर असेल तर हुकाचा विषय बाजूला ठेवून आधी क्रॉसमेंबर दुरुस्त करा. बोल्ट जुने परत कसू नका, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा दर्जा कोरलेले नवे घ्या.

बॉलचा हुक, म्हणजे ट्रेलरचं तोंड ज्यावर बसतं तो लोखंडी गोळा, डांबरी रस्त्यावर सुखाचा. जळगाव ते धुळे हायवेने हलका ट्रेलर न्यायचा असेल तर आवाज नाही, झटका कमी. पण फौजी ट्रकला तो नीट जुळत नाही, आणि कारण उंचीचं आहे. बॉलवर चालणारे छोटे ट्रेलर साधारण ३५ ते ४२ सेंटिमीटर उंचीसाठी बनतात. ट्रकचा मागचा क्रॉसमेंबर त्याहून बराच वर असतो. मग खाली लोंबणारी प्लेट लावावी लागते. ती जितकी लांब, तितका क्रॉसमेंबरला पीळ जास्त, कारण ओढ खाली लागते आणि बोल्ट वर असतात. शिवाय बॉल मोठ्या कोनात अडकतो, म्हणजे शेतात निरुपयोगी. माप तर नक्की तपासा: ५० मिलिमीटरचा बॉल आणि दोन इंचाच्या, म्हणजे ५०.८ मिलिमीटरच्या बॉलसाठीचा कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड), ही जोडी हाताला बसल्यासारखी वाटते, पण खड्ड्यात निसटू शकते.

ट्रॅक्टरसारखा पिनचा जबडा सगळ्यात स्वस्त. गावातला लेथवाला दिवसभरात करून देतो आणि घरची ट्रॉली लगेच जुळते. मीही आधी हेच केलं होतं. क्रॉसमेंबरवर प्लेट वेल्ड करून घेतली. एका हंगामात तडा गेला, तोही वेल्डला नाही, वेल्डच्या शेजारी, जिथे पत्रा तापून कमजोर झाला होता. ट्रॉली बांधावर होती, रस्त्यावर असती तर काय झालं असतं हा विचार अजूनही अस्वस्थ करतो. पिन उभी आणि भोकं सरळ, त्यामुळे ट्रॉली कलली की सगळा पीळ प्लेटवर येतो. त्यात दोनचाकी ट्रॉली असेल तर मालाचं वजनही दांडीवरून गाडीच्या शेपटावर. हा पर्याय शेतातल्या शेतात, चारचाकी ट्रॉलीला आणि बोल्टने बसवलेल्या प्लेटवरच ठीक. बोल्टची भोकं चेसिसच्या उभ्या बाजूला पाडा, वरच्या-खालच्या पट्टीला कधीच नाही.

ताकदीचा हिशेब सोपा आहे. गाडीचं आणि ट्रॉलीचं भरलेलं वजन टनात घेऊन एकमेकांशी गुणा, दोन्हींच्या बेरजेने भागा, ९.८१ ने गुणा. गाडी ३ टन, ट्रॉली २ टन असेल तर ११.८ किलोन्यूटन येतात. हुकावर कोरलेला डी आकडा, म्हणजे तो किती ओढ सोसतो ते सांगणारा आकडा, याहून मोठा हवा. आकडाच नसेल तर तो हुक रस्त्यावर नेऊ नका.

कागदांचा भागही निर्णयात धरा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीला गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल चालत नाही. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर वापरताही येत नाही. म्हणजे व्हिंटेज नंबर हवा असेल तर नवा हुक विसरा, आणि केळी वाहायची असतील तर व्हिंटेज नंबर विसरा. ट्रेलरची नोंदणी वेगळी.

दिव्यांचं व्होल्टेज मोजूनच वायर जोडा. फौजी गाडी २४ व्होल्टची असली तर ट्रॉलीचे १२ व्होल्टचे दिवे पहिल्याच संध्याकाळी जातील.

पिंटल ठेवायचा ठरला, तर ट्रॉलीची कडी घडीव घ्या. सळई वाकवून वेल्ड केलेली नको. दांडीखाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधा, म्हणजे कडी सुटली तरी दांडी त्यांच्यावर तोलली जाईल. पहिली फेरी अर्ध्या भारावर, सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर करा, उतरून सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आणि मगच कन्नड घाटाचं नाव काढा.