सोनी ए७ फोर की कॅनन आर६ मार्क टू : निवड कशावर ठरवावी

फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला आणि आत आरसा नसलेला कॅमेरा, घ्यायचे ठरवणाऱ्या अनेकांची यादी गाळत गाळत शेवटी दोन नावांवर येऊन थांबते : सोनीचा ए७ फोर आणि कॅननचा ईओएस आर६ मार्क टू. पहिला ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाला आणि दुसरा नोव्हेंबर २०२२ मध्ये. बॅटरी आणि कार्डासह दोन्हींचे वजन ६६० ते ६७० ग्रॅमच्या घरात आहे, दोन्हींत दोन कार्डे बसतात, दोन्ही १० बिट (रंगछटांच्या अधिक पायऱ्या नोंदवणारा) व्हिडिओ घेतात आणि दोन्हींचा ऑटोफोकस डोळा हेरून त्याचा पिच्छा सोडत नाही. तांत्रिक माहितीचे तक्ते शेजारी ठेवले की सर्वांत आधी नजरेत भरतो तो ३३ आणि २४ मेगापिक्सेलचा फरक, आणि बरेच जण तेवढ्यावरच निर्णय घेऊन मोकळे होतात. माझ्या मते निवड ठरायला हवी ती दुसऱ्याच दोन गोष्टींवर : सेन्सर किती वेगाने वाचला जातो, आणि त्या बॉडीला कोणत्या लेन्सेस लावता येतात.

मेगापिक्सेलचा मुद्दा आधी संपवू. सोनीचे छायाचित्र ७००८ पिक्सेल रुंद असते आणि कॅननचे ६०००. म्हणजे प्रत्यक्ष रुंदीत फरक पडतो तो जेमतेम १७ टक्क्यांचा. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचे तर एकाची रुंदी सुमारे २३ इंच भरेल आणि दुसऱ्याची २० इंच, आणि त्या आकाराची प्रिंट हातभर अंतरावरून पाहताना हा फरक ओळखणे अवघड आहे. जास्त पिक्सेल खरोखर उपयोगी पडतात ते छायाचित्र नंतर कातरायचे असते तेव्हा. सोनीच्या एपीएस-सी कातरणीत, म्हणजे सेन्सरचा मधला लहान भागच वापरला तर, १४ मेगापिक्सेल हाती उरतात, तर कॅननच्या १.६ पट कातरणीत ९ च्या थोडेसे वर. दूरच्या पक्ष्यासाठी कायम कातरावे लागत असेल तर हा फरक मोलाचा आहे. इतरांनी त्यासाठी बाकीच्या गोष्टींवर पाणी सोडू नये.

सेन्सर वाचनाच्या वेगाकडे मात्र नीट पाहायला हवे. इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना यांत्रिक पडदा हलत नाही. सेन्सरवरच्या ओळी वरून खाली एकेक करून वाचल्या जातात, आणि तेवढ्या वेळात समोरची वस्तू सरकली तर तिचा आकार तिरका होतो. ए७ फोरला संपूर्ण सेन्सर वाचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो, आणि वेगवान हालचालीसाठी हा काळ फार मोठा आहे. टेनिसपटूची रॅकेट चेंडूला भिडतानाचा क्षण या शटरने टिपला, तर रॅकेटची सरळ दांडी धनुष्यासारखी वाकलेली दिसते आणि चेंडू लांबट होतो. एलईडी दिव्यांखाली छायाचित्रावर आडवे पट्टे उमटण्याची शक्यताही वाढते. त्यामुळे व्यासपीठावरचे भाषण किंवा शांत मैफल, जिथे शटरचा आवाज होऊ न देणे हेच महत्त्वाचे असते, तिथे सोनीच्या मूक शटरवर निर्धास्तपणे विसंबता येत नाही. यांत्रिक शटर लावले की हा दोष जातो आणि सेकंदाला १० फ्रेमही मिळतात. मात्र तो वेग कॉम्प्रेस्ड रॉसाठी आहे (रॉ म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद), आणि काहीही न गमावता साठवणारे लॉसलेस रॉ निवडले की तो सहाच्या आसपास उतरतो.

कॅननचा सेन्सर साधारण चौपट वेगाने वाचला जातो. यांत्रिक शटरने सेकंदाला १२ आणि इलेक्ट्रॉनिक शटरने ४० फ्रेम मिळतात, शिवाय शटर पूर्ण दाबण्याच्या अर्धा सेकंद आधीपासूनच्या फ्रेम राखून ठेवणारा रॉ बर्स्टही आहे. फांदीवरून झेप घेणारा पक्षी टिपताना माणसाचे बोट नेहमी मागे पडते. ती उणीव हा अर्धा सेकंद भरून काढतो, आणि मला या कॅमेऱ्यातली ही सर्वांत उपयुक्त सोय वाटते. अर्थात हाही स्टॅक्ड सेन्सर, म्हणजे अतिवेगाने वाचता येणारा थरांचा सेन्सर, नव्हे. अतिवेगवान हालचाल इथेही थोडी तिरकी होते, इलेक्ट्रॉनिक शटरवरचे रॉ १२ बिटचे, म्हणजे छटांच्या कमी पायऱ्यांचे, असल्याने गडद भाग उजळवताना नॉइज (दाणेदारपणा) लवकर दिसू लागतो, आणि ४० फ्रेमच्या वेगाने पूर्ण आकाराचे रॉ घेतले तर बफर (छायाचित्रे कार्डावर जाईपर्यंत ठेवणारी मेमरी) दोनेक सेकंदांत भरतो. तरीही हे शटर रोजच्या कामाला वापरता येते, आणि सोनीच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही.

व्हिडिओतही हीच कहाणी आहे. सेकंदाला ६० फ्रेमचे ४के चित्रण करायचे तर ए७ फोर दीडपट कातरतो, म्हणजे २४ मिलिमीटरची लेन्स ३६ सारखी दिसू लागते आणि छोट्या खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही. आर६ मार्क टू तेच चित्रण सेन्सरच्या पूर्ण रुंदीत, ६के मधून, म्हणजे सुमारे ६००० पिक्सेल रुंद चित्र लहान करून, उतरवून देतो. ३० फ्रेमपर्यंत मात्र सोनी ७के मधून ४के बनवतो आणि त्यातला तपशील अप्रतिम असतो. स्थिर कॅमेऱ्याने मुलाखती घेणाऱ्याला तक्रारीला जागा नाही. शिवाय सोनीला पूर्ण आकाराचे एचडीएमआय पोर्ट आहे, तर कॅननला मायक्रो एचडीएमआय, ज्याच्या नाजूकपणाची काळजी रोज बाहेरचा मॉनिटर जोडणाऱ्याला करावी लागेल.

इथवर वाचून कॅननच घ्यावा असे वाटेल, आणि नुसत्या बॉडीपुरते माझेही मत तेच आहे. पण बॉडी काही वर्षांत बदलली जाते, लेन्सेस राहतात. सोनीचा ई माउंट (लेन्स जोडण्याची रचना) २०१० पासून आहे, त्यावर फुल फ्रेम छायाचित्र कॅमेरे २०१३ मध्ये आले, आणि तो इतर कंपन्यांनाही खुला असल्यामुळे सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या उत्तम लेन्सेस त्यावर उपलब्ध आहेत. टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ जी२ ही झूम लेन्स हे त्याचे उत्तम उदाहरण : ५४० ग्रॅम वजन, झूम कितीही केला तरी कायम २.८ चे (मोठे, भरपूर प्रकाश घेणारे) छिद्र, आणि सोनीच्या स्वतःच्या उच्च श्रेणीतल्या जी मास्टर झूमपेक्षा बऱ्याच कमी खर्चात. कॅननचा आरएफ माउंट २०१८ चा. त्यावर सिग्मा आणि टॅमरॉनने २०२४ मध्ये ऑटोफोकस लेन्सेस जाहीर केल्या, परंतु त्या एपीएस-सी सेन्सरसाठी होत्या. फुल फ्रेमसाठी बहुतांशी कॅननच्याच दुकानात फिरावे लागते, आणि तिथे एल मालिकेच्या महागड्या लेन्सेस आणि एफ/८ इतक्या लहान छिद्रावर जाणारे स्वस्त झूम यांच्या मधला मजला बराच काळ रिकामा होता. २०२४ मध्ये आलेल्या २८-७० एफ/२.८ एसटीएमने तो थोडाफार भरला, तोही अवघ्या ४९५ ग्रॅममध्ये. तरीही सोनीइतकी निवड अजून नाही.

हातात धरण्याच्या बाबतीत मला कॅनन अधिक पटतो. त्याची ग्रिप बोटांना पुरेपूर पकड देते आणि मागची स्क्रीन १६.२ लाख ठिपक्यांची आहे, तर सोनीची साधारण १०.३ लाखांची, तीक्ष्णता तपासण्यासाठी छायाचित्र मोठे करून पाहिले की हा फरक लगेच जाणवतो. हाताची थरथर सावरणाऱ्या स्थिरीकरणात कॅननचा दावा ठरावीक लेन्ससह ८ स्टॉपपर्यंतचा आहे (प्रत्येक स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडे ठेवता येते), सोनीचा ५.५ चा. बॅटरी मात्र सोनीची अधिक भरवशाची. व्ह्यूफाइंडरमधून काम करणाऱ्याला तिचा टिकाऊपणा जाणवतो.

म्हणून खेळ, पक्षी, मंचावरचे कार्यक्रम आणि ६० फ्रेमचे व्हिडिओ हे ज्याचे मुख्य काम आहे, त्याने आर६ मार्क टू घ्यावा. निसर्गदृश्ये, वास्तू, व्यक्तिचित्रे, स्टुडिओ अशी संथ कामे करणाऱ्याने, आणि ज्याला पहिल्या दोन-तीन लेन्सेस मर्यादित खर्चात घ्यायच्या आहेत त्याने, ए७ फोर घ्यावा. ज्याच्याकडे जुन्या कॅनन डीएसएलआरच्या ईएफ लेन्सेस आहेत, त्याला लेन्सेसचा हा हिशेब लागू होत नाही : कॅननच्या अडॅप्टरवर त्या ऑटोफोकससह उत्तम चालतात, आणि अडॅप्टरमध्ये काचच नसल्यामुळे चित्राच्या दर्जात घट होत नाही.