फुटवा आला म्हणून दुसरा हप्ता देऊ नका

फुलवाल्याच्या गुच्छात पानं नसलेली, लाल मण्यांनी लगडलेली काडी असते. त्या काडीच्या फोटोवर आमच्या भागातल्या कास्तकारांना गंडवलं गेलं. एजंट तिला ‘रेड बेरी’ म्हणतो, तिची उघड्या मुळांची रोपं विकतो, पुण्या-मुंबईच्या लग्नांतले भाव सांगतो आणि पऱ्हाटीच्या वावरात उभ्या-उभ्या हिशेब मांडतो: पाच बाय तीन फुटांवर एकरी २,९०४ झाडं, झाडाला ४० काड्या, काडीला १५ रुपये. झाले १७ लाख ४२ हजार. गुणाकार कितीही वेळा करून पाहा, बरोबरच येतो. खोटे आहेत ते ४० आणि १५.

रोपाचा दर १२० रुपये, म्हणजे एकरी ३ लाख ४८ हजार. अर्धे बुकिंगच्या वेळी, अर्धे ‘रोपं फुटल्यावर’. या दुसऱ्या हप्त्यामुळेच माणूस निर्धास्त होतो. रोपं मेली तर पैसे द्यायचेच नाहीत, मग भ्यायचं कशाला? सगळी मेख इथंच मारलेली आहे.

उघड्या मुळांचं रोप म्हणजे पानगळ होऊन झोपी गेलेली काडी. माती झटकून, मुळं ओल्या शेवाळात किंवा पोत्यात गुंडाळून ती पाठवतात. तिच्या खोडात आणि जाड मुळांत अन्न साठवलेलं असतं. पाणी आणि ऊब मिळाली की डोळे त्या साठ्यावर फुटतात, खाली जिवंत मूळ असो वा नसो. तोडलेली शेवग्याची फांदी धुऱ्यावर पडल्या-पडल्या हिरवे कोंब फेकते, तसंच हे. पंधरा-वीस दिवसांत पानं दिसतात, एजंट हजर होतो, प्रत्येक ओळीत उभं राहून फोटो काढतो आणि उरलेले पैसे घेऊन जातो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात साठा संपतो. आधी दुपारी माना टाकलेली पानं संध्याकाळी सावरतात, मग सावरत नाहीत. काडी ओढली तर चिखलात खोचलेल्या उदबत्तीसारखी सुळकन हातात येते. तोवर फोन बंद.

म्हणून जे काही तपासायचं ते पेटी फोडताना, पैसे देण्याआधी.

नखानं खोडाची साल खरवडा. आत हिरवट ओलसर दिसलं तर खोड जिवंत, पण एवढ्यावर समाधान मानू नका, एजंटही हेच करून दाखवतो. मुळांकडे या. पेन्सिलीएवढं मूळ वाकवा: चांगलं मूळ लवतं, आतून पांढरं किंवा दुधाळ असतं. कटकन मोडलं आणि आत तपकिरी निघालं तर ते वाळलेलं. चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरला, आंबूस वास आला, तर ते सडलेलं. केसांसारखी बारीक मुळं मुळीच नसतील आणि बुडाशी ताजा तिरपा काप असेल, तर ते रोपच नव्हे, हार्मोनच्या भुकटीत बुडवलेली छाटणी आहे. चिखल किंवा जेल लावून मुळं झाकलेली असतील तर बादलीत धुऊन पाहा. शंभराच्या गठ्ठ्यात वरची दहा चांगली असतातच, मधली काढा.

आमच्याकडच्या पेट्यांवर ‘हॉलंड’ छापलेलं होतं, आणि मुळांच्या बेचक्यात लाल मुरमाचे खडे अडकलेले. बाहेरून येणाऱ्या रोपासोबत माती आणायला आपल्या देशात बंदी आहे. खऱ्या आयातीत मुळं धुतलेली असतात, सोबत आयात परवाना, तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी (रोप रोग-किडीपासून मुक्त असल्याचं) प्रमाणपत्र आणि इथल्या क्वारंटाइन, म्हणजे रोग-कीड तपासणी केंद्राचा सुटका आदेश असतो. तिन्हीच्या प्रती मागा. ‘कंपनीच्या ऑफिसात आहेत’ म्हणाला की समजून जा.

आता काडी कुणाची हे ओळखायची खूण. पान नसलं तरी डोळे असतात. फोटोतली पानगळ झालेली लाल काडी म्हणजे विंटरबेरी, शास्त्रीय नाव आयलेक्स व्हर्टिसिलाटा. तिचे डोळे एकाआड एक असतात. पेट्यांतल्या काड्यांचे डोळे समोरासमोर होते, कोवळं खोड बोटांत फिरवलं तर चौकोनी लागत होतं आणि काही बेचक्यांत काटा होता. जी थोडी जगली त्यांना पावसाळ्यात जांभळी फुलं आणि मग पिवळे मणी आले. ती ड्युरांटा निघाली, शाळेच्या, पेट्रोल पंपाच्या कडेला कुंपण म्हणून लावतात तीच. ती छाटणीतून फुकटात तयार होते. तिची फळं विषारी असतात, तेव्हा शेळ्या आणि पोरं दूर ठेवा.

समजा काडी खरी विंटरबेरीची निघाली. तरी काय? या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. मणी फक्त मादीला धरतात, तेही त्याच दिवसांत फुलणारा नर जवळ असेल तर. बाहेरचे बागवान सहा ते दहा माद्यांमागे एक नर लावतात, वाणाची जोडी जुळवून: ‘विंटर रेड’ला ‘सदर्न जंटलमन’, ‘रेड स्प्राइट’ला ‘जिम डँडी’. बियांपासून केलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि फूल येईपर्यंत कळत नाही. कापण्याजोग्या काड्या साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी. एजंटला एवढंच विचारा, ‘नर किती देणार?’ तो गडबडतो, नाहीतर तिथल्या तिथं पिकाचं नाव बदलून ‘हायपेरिकम’ म्हणतो, तेही गुच्छात वापरतात ते मण्यांचं दुसरं झुडूप. हायपेरिकमला वेगळा नर लागत नाही हे खरं, पण त्याच्या काडीवर पानं असतात आणि मण्याखाली हिरव्या पाकळ्यांची वाटी असते. ते केनिया, इथिओपियातल्या थंड उंचावर होतं. फोटो पुन्हा उघडायला लावा.

जमिनीचं गणित तर कुणी मांडतच नाही. विंटरबेरी उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची, दलदलीच्या काठची, सामू (पीएच) ४.५ ते ६ मागणारी. आपली काळी जमीन साडेसात ते साडेआठची, त्यात चुनखडी. संत्र्याची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, लोह मिळत नाही, तोच रोग इथं पहिल्याच हंगामात लागणार. एजंटच्या कागदावर उपाय लिहिलेला: एकरी दोन पोती गंधक. हिशेब करा. एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण ९ लाख किलो. तिच्यात चुना फक्त १ टक्का धरला तरी ९ टन. तो मारायला सुमारे ३ टन गंधक लागतं, आणि त्यानंतर कुठं सामू हलायला लागतो. आपल्याकडे चुना १ टक्क्यावर थांबत नाही. वाळलेल्या ढेकळावर संडास धुण्याच्या ॲसिडचे दोन थेंब टाका. फसफसलं तर हा विषय तिथंच संपवा.

उन्हाचं वेगळं सांगायला नको. पेट्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ताडपत्री टाकलेल्या पिकअपमधून आल्या. असली रोपं काढल्यापासून लावेपर्यंत शून्याच्या वर दोन-चार अंशांत ठेवायची असतात. चाळीसच्या झळेत मुळं दहा-पंधरा मिनिटं उघडी राहिली तरी बारीक मुळं गेलीच.

तंत्र मात्र बदनाम करू नका. सागाचे स्टंप उघड्या मुळांचेच, मृगाच्या पावसावर लागतात आणि जगतात. गुलाबाची कलमं थंडीत अशीच येतात. दोन ते चार तास पाण्यात भिजवा, रात्रभर चालेल, चोवीस तासांच्या वर नको. मोडकी मुळं छाटा, नर्सरीतल्या मातीची खूण खोडावर दिसते त्याच खोलीवर लावा, मुळं दुमडू नका. कोणतंही नवं झाड घ्यायचं तर दहाच घ्या आणि एक अख्खा मे महिना त्यांना काढू द्या. मेनंतर जे उभं राहील त्याचे पैसे, असा करार करून पाहा, एजंट चहासुद्धा न पिता उठतो.

काड्या कंपनीच विकत घेईल असं सांगणाऱ्या बायबॅकच्या करारात ‘ए ग्रेड’ची व्याख्या वाचा: ७० सेंटिमीटर लांबी, सगळे मणी एकसारखे लाल, पोहोच कंपनीच्या कोल्ड स्टोरेजला, भाडं तुमचं. खरेदी नाकारायला एवढं पुरेसं आहे. कंपनीचा धंदा रोपं विकण्याचा आहे, काड्या घेण्याचा नाही. इमू, सफेद मुसळी, कडकनाथ, सगळ्यांत हेच झालं. फळझाडांच्या रोपवाटिकांना राज्यात १९६९ चा कायदा आहे, परवाना लागतो. ही शोभेची झाडं त्यात बसत नाहीत, आणि ‘बेरी’ शब्द ऐकून लोकांना मात्र फळझाडाचा भास होतो.

पैसे दिले असतील तर मेलेली रोपं उपटून पेटवू नका. लेबलासकट एक पेटी, वेगवेगळ्या ओळींतली वीस रोपं, बिल आणि बँकेची नोंद ठेवा. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या, वावरात पंचनामा मागा. ‘आमच्याकडे शोभेच्या झाडांचं येत नाही’ असं उत्तर मिळालं तर तेही लेखी घ्या. पोलिसांत फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होते. ग्राहक आयोगात जायला वकील सक्तीचा नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं आपल्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनी कुठलीही असो. शेतकरी हा ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बियाण्यांच्या प्रकरणात सांगितलेलं आहे, तेव्हा ‘हा तर व्यापारी व्यवहार’ असं कुणी म्हटलं तर तो निकाल पुढे करा. मुदत दोन वर्षांची. ‘पुढच्या हंगामात बदली रोपं देतो’ या एका वाक्यावर त्यातलं एक वर्ष सहज निघून जातं.