मर्ज की रीबेस?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. त्यात दोन ब्रांच, म्हणजे कामाच्या वेगळ्या वाटा, एकत्र आणायचे हे दोन मार्ग. मर्ज केलं की जुने कमिट (नोंदवलेले बदल) जसेच्या तसे राहतात. दोन्ही वाटांवर नवे बदल असतील तर वर दोन पालक असलेला, म्हणजे दोन्ही वाटा जोडणारा, नवा कमिट येतो. कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी झालेले परस्परविरोधी बदल, एकदाच सोडवायचे. इतिहासाचा मात्र गुंता होतो.

रीबेस तुमचे कमिट एकेक करून नव्या पायावर पुन्हा लिहितो, म्हणून त्यांचे हॅश (कमिटचे ओळख-क्रमांक) बदलतात. कमिट बरेच असले तर तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हापुन्हा डोकं खातो. खरी गोची सामायिक ब्रांचवर होते: सहकाऱ्याकडे जुने हॅश, सर्व्हरवर नवे, आणि त्याने पुल करून (सर्व्हरवरचे बदल आणून) मर्ज केलं की तेच कमिट इतिहासात दोनदा. म्हणून रीबेस स्वतःच्याच ब्रांचवर करावा. पुश करताना (सर्व्हरवर पाठवताना) सर्व्हरवरच्या ब्रांचवर न बघता कुरघोडी करणारा नुसता 'फोर्स' पर्याय नको, 'फोर्स-विथ-लीज' वापरा. मधल्या काळात कोणी काही ढकललं असेल तर तो सहसा अडवतो. बिनसलंच तर जुना कमिट रीफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटने तुमच्या संगणकावर ठेवलेल्या हालचालींच्या नोंदीत, सापडतो.