खडेबाजारातील क्रीडासाहित्याचे दुकान आणि ऐंशी ओलांडलेला गिऱ्हाईक

वयाच्या 81 व्या वर्षी मास्टर्स स्पर्धेत (प्रौढ आणि ज्येष्ठ खेळाडूंसाठी वयोगटांनुसार होणाऱ्या स्पर्धेत) 100 मीटर धावणे आणि गोळाफेक यांसाठी नाव नोंदवल्यावर साहित्य घेण्याकरिता मी बेळगावच्या खडेबाजारातील एका जुन्या दुकानात गेलो. ‘नातवासाठी का, आजोबा?’ हा पहिलाच प्रश्न खटकला; तेव्हा मान कौर यांनी 2017 मध्ये ऑकलंड येथे 101 व्या वर्षी 100 मीटरचे सुवर्णपदक मिळवले होते, हे मी मालकांना ऐकवले. (त्या वयोगटात त्या एकट्याच धावल्या, हे मात्र सांगितले नाही.)

त्यांनी पुढे केलेला गोळा 4 किलोचा होता. तो सत्तरीतल्या पुरुषांसाठी असतो, ऐंशीनंतर 3 किलोचा लागतो, हे त्यांना बहुधा प्रथमच कळले असावे; तरीही त्यांनी आठ दिवसांत हुबळीहून योग्य गोळा मागवला आणि माझ्यासमोर काट्यावर तोलून दिला. बुटांनी मात्र निराशा केली. खिळ्यांचे सगळे जोड अरुंद, वयोमानाने पसरलेल्या पावलाला आवळणारे, आणि बसून घालून पाहावे तर हातांची खुर्चीही नाही. अखेर रुंद पंजाचे साधे बूट घेतले, आणि व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सध्या त्यांवरच सराव चालू आहे.